पेटीतला उतार

“भाईदास, खरं सांग रे भाऊ. हाऊ तुन्हा घोडा दर खेपले एकच जागावर कसा मरस?”

“मरस नही, बुडस.”

“बुडाले पानी लागस. तुन्हा पेटीमा पानी कोठे शे?”

“कापडवर निळा रंग शे ना. त्यालेच पानी म्हनानं.”

“मंग निळा रंगघाई मन्हा हात काब्रं गारठना? देख. हात लाईसन देख.”

रूपसिंगाने हात पुढे केला. भाईदासने तो धरला आणि पटकन सोडला. मार्गशीर्षातलं ऊन डोक्यावर होतं, सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांनी उडवलेली धूळ नाकातोंडात जात होती, आणि ह्या माणसाचा हात बेडकाच्या पोटासारखा गार.

रूपसिंग काही ऐरागैरा नव्हता. बिथरलेल्या घोड्यांना लगाम घालण्यात त्याचा जन्म गेला होता. दोन बरगड्या मोडल्या होत्या, पण रुमालाखाली बोटं दाबून सौदा करताना त्याची पापणी हलत नसे. असा माणूस सकाळपासून रॉकेलच्या डब्यातून कापलेल्या वीतभर घोड्याकडून नऊ वेळा हरला होता, आणि दहाव्यांदा दांडीला हात घालायला निघाला होता.

“आते ऱ्हाऊ दे,” भाईदास म्हणाला. “घोडा दमना.”

“पत्राना घोडा दमस का रे? का तूच दमना?”

मागची माणसं खिदळली. रूपसिंग हसला नाही. हात धोतराला पुसत तो आपल्या घोड्यांकडे गेला, आणि जाताना दोनदा मागे वळून पेटीकडे बघितलं.

ही गोष्ट चौसष्ट सालची. भाईदास हा इंजिनचा माणूस. तापीच्या काठाने केळी-उसाला पाणी उपसणारी तेलाची इंजिनं बसली होती, आणि ती बंद पडली की दहा गावांतून याला बोलावणं यायचं. बांधावर उभं राहून नुसत्या ठकठकीवरून तो सांगायचा, की दुखणं डोक्यात आहे की पोटात. बोलणं कमी. हातांना कायम तेलाचा वास. बायको जसोदाबाई म्हणायची, “इंजिनसंगे बोलस तेवढं माणससंगे बोलता तं आमदार व्हता.”

चार वर्षांमागे यात्रेत सुरतेकडचा एकजण विलायती पेटी घेऊन आला होता. काच, काचेआड रस्ता, रस्त्यावर चिमुकली मोटार, आणि बाहेर खरंखुरं गोल चाक. नाणं टाकलं की रस्ता पळायचा. चाक फिरवून मोटार रस्त्यावर ठेवायची, खाली उतरली की खेळ संपला. दुसऱ्याच दिवशी पेटीचा पट्टा तुटला आणि दुरुस्तीला भाईदासला हाक गेली. त्याने मागची फळी उघडली. आत काहीच नव्हतं! एक पिंप, त्यावर रंगवलेलं कापड, एक दिवा. मोटार जागची हलतच नव्हती. हलत होता तो रस्ता, आणि बाहेरच्या माणसाला वाटत होतं की आपण निघालो.

पट्टा बसवून तो घरी आला, पण ते कापड डोक्यातून उतरेना. इंजिन खोलता-बांधता तो मनात दुसरंच काहीतरी बांधत राहिला. मग आंब्याच्या फळ्यांची पेटी झाली. भंगारातून दोन गोल फिरते रूळ आले, ट्रकची जुनी बॅटरी आली. दोन रुळांवर जाडं कापड ताणलं, वाट रंगवली, आणि वाटेच्या मधोमध तांब्याची पातळ पट्टी शिवली. घोड्याच्या पायाला तारेचा झुबका. झुबका पट्टीला लागून आहे तोवर घोडा उभा. पट्टी सुटली की आतला चुंबक सुटायचा आणि घोडा तोंडघशी. खेळणाऱ्याने पुढून दांडी धरून घोडा डाव्या-उजव्या अंगाला सारायचा. पेटीमागच्या पडद्याआड बसून भाईदासने मुठीने कापड फिरवायचं. घोडा शेवटच्या घराच्या दारात पोचला तर घंटा तीनदा वाजायची, आणि खेळणाऱ्याला रेवड्यांचा पुडा.

वाट कोणती रंगवायची, हा प्रश्न त्याला पडलाच नाही. त्याला एकच वाट पाठ होती. दत्ताच्या देवळापासून निघायचं, घोडेबाजाराच्या कडेने, केळीच्या मळ्यातून उतरणीला, मग तापीचा उतार, म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा, त्यातली खुट्यांची रांग, पलीकडचा काठ, वड-पिंपळ, बाभळी, आणि घर. यात्रेतून आपल्या घरी जायची वाट. त्याने ती डोळे झाकून काढावी तशी काढली.

पहिल्या दिवशी लोक हसायला आले. बाहेर हजार जिवंत घोडे उभे असताना पत्र्याचा घोडा कोण हाकतो! पण एकदा दांडी हातात आली की हसणं बंद व्हायचं. धिप्पाड बाप्ये जीभ दाताखाली धरायचे, घोडा वळला की स्वतः कमरेत वळायचे. पडलं की लगेच, “आखो एक डाव!” नदीकाठच्या ह्या माणसांना ही गोष्टच नवी होती. इथे केळीचा घड वाऱ्याने पडला की पडला, बैल गेला की गेला. आणि ह्या पेटीत? एक नाणं टाकलं की मेलेला घोडा पुन्हा देवळापाशी उभा, अंगावर ओरखडा नाही. दोघंतिघं जेवायचे विसरले. एकाची बैलगाडी भरून उभी राहिली आणि बाई गाडीतून ओरडत राहिली.

पण घरी कोणी पोचलं नाही. केळीचा मळा निभायचा, उतरण निभायची. निळ्यात अर्ध्यावर गेलं की घोडा पडायचा. डावीकडून धरा, उजवीकडून धरा, जागा तीच.

भाईदासने तार आणि दिवा घेऊन पट्टी तपासली. अखंड. दिवा कुठे मिणमिणलासुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पेटी उघडली तर त्या जागेवरचं कापड ओलं. दवाने भिजलं म्हणावं, तर फक्त तळहाताएवढंच? उन्हात वाळवलं. दुपारी पुन्हा ओलं. तळाशी बोटभर वाळू साचली होती, आणि नाक लावल्यावर वास आला तो रंगाचा नव्हता. शेवाळाचा होता. त्याने वाळू मुठीत घेतली, इकडेतिकडे बघितलं, आणि कोणाला न दाखवता पडद्याआड टाकून दिली.

कारण ती जागा त्याला ओळखीची होती.

भाईदासच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा खुट्यांचा मान होता. पावसाळ्यात तापी वाळू इकडची तिकडे करते. मागच्या साली जिथे गुडघाभर पाणी, तिथे ह्या साली हत्ती बुडेल. म्हणून पूर ओसरला की घरच्या थोरल्याने नदीत शिरायचं, पायाने तळ चाचपत पलीकडे जायचं, आणि जिथे तळ घट्ट लागेल तिथे बाभळीची खुटी ठोकून तांबडी चिंधी बांधायची. नियम एकच: पाय लागल्याबिगर खुटी नाही. त्या खुट्यांच्या भरवशावर दोन्ही काठ ये-जा करायचे.

सत्तावन्न साली पाऊस लांबला, पूर उशिरा उतरला. यात्रा उद्यावर आलेली, आणि भाईदासचं एक इंजिन मळ्यात उघडं पडलेलं, मालक डोक्यावर उभा. पलीकडच्या काठावर दोन झाडं होती, वरच्या अंगाला पिंपळ, खालच्या अंगाला वड. मागच्या साली उतार वडाच्या रेघेत होता. भाईदासने धुडकू भोयाची नाव मागून घेतली, वडावर नजर धरली, आणि पाय ओला न करता नावेतूनच खुट्या ठोकत गेला. तासाभराचं काम झटक्यात उरकलं. सांजेपर्यंत इंजिन सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी धाकटा भाऊ वाहरू यात्रेतून नवी घोडी घेऊन निघाला. दिवेलागणीला घोडी एकटीच दारात आली. खोगीर ओलं, लगाम ओला. ती उंबऱ्यापाशी उभी राहून नुसती थरथरत होती.

भाईदास नदीकडे धावला. कंबरेला दोर बांधून खुटीखुटीने आत गेला, आणि मधोमध पायाखालची वाळू संपली. वडाची रेघ नदीने खाल्ली होती. मग त्याने दुसरं काम केलं. कोणी येण्याच्या आत सगळ्या खुट्या उपटल्या, पायाने तळ चाचपला, आणि पिंपळाच्या रेघेत नव्याने ठोकल्या. ते होईस्तोवर अंधारलं. भाऊ गेला होता, मान शाबूत राहिला.

प्रेत सापडलं नाही. गावाने आपलं ठरवून टाकलं, की उतार चांगला, घोडी परत आली, म्हणजे वाहरू बुडाला कसा? गेला असेल तमाशातल्या बाईमागे, घोडी सोडून. वाहरूची बायको फुलीबाई सात वर्षं कुंकू लावून बसली. पाणवठ्यावर बायका विचारायच्या, “काय वं फुली, सवतनं कागद उनं का?” तिचा भाऊ दर साली न्यायला यायचा, त्यांच्यात दुसरा पाट लागत होता, वय होतं. ती म्हणायची, “जित्ता नवरावर पाट कसा लावू? नि मरेल शे तं कोनी सांगं माले?” यंदा भावाने शेवटचं सांगितलं होतं, यात्रा आटोपली की हो किंवा नाही. त्यानंतर तो येणार नव्हता.

तिला सांगू शकणारा एकच माणूस होता, आणि तो तिचा जेठ, थोरला दीर. जेठासमोर भावजयीने पदर तोंडावर ओढायचा, आणि एकमेकांशी शब्द बोलायचा नाही, ही त्या घराची रीत. भाईदासला ती रीत फार सोयीची पडली होती. एका छपराखाली सात वर्षं, आणि त्याने तिचा नीट आवाज ऐकला नव्हता.

चौथ्या दिवशी दुपारी जसोदाबाई तिलाच घेऊन आली.

“फुलीले बी खेळाडा,” ती पडद्याकडे तोंड करून म्हणाली. “यात्रामा कव्हय येस ती? घोडा देखू म्हने.”

पेटीशेजारी धुडकू भोई चिलीम घेऊन बसला होता. तो सरकला. पडद्याच्या फटीतून भाईदासला दिसला तो फक्त एक हात. हिरव्या बांगड्यांचा, दांडीवर ठेवलेला. रांगेतली माणसं बाईमाणूस बघून मागे हटली.

त्याने मूठ फिरवली. देऊळ गेलं, घोडेबाजार गेला, केळी गेल्या. घोडा उतरणीने निळ्यात शिरला, अर्ध्यावर गेला, पडला.

“आखो,” ती हलकेच म्हणाली.

पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी घोडा निळ्याच्या काठाशी आला तशी ती म्हणाली, “थांब.”

भाईदासची मूठ थांबली. त्याला वाटलं, ती जसोदाबाईशी बोलते आहे. पण हात पदर सावरून काचेजवळ आला. ती पेटीत बघून बोलत होती, पत्र्याच्या घोड्याशी.

“घोडा, तुले एक इचारस. ह्या खुट्या वडनी रेघमा काब्रं शेत?”

जसोदाबाई म्हणाली, “चित्र शे वं ते, येडी.”

“मी पानी भराले गयी व्हती, यात्राना आदला दिन. तवय खुट्या वडकडे व्हत्यात. मी देख्यात. नि तो गया त्याना दुसरा दिन सकायले पिंपळकडे. मी बठासले, गावभर सांगं. तुम्हीनबी म्हनात, बाई, का फुलीनं डोकं फिरनं. मालेबी तसंच वाटाले लागनं. मंग घोडा, ह्या खुट्या वडकडे कोनी काढ्यात? ज्यानी काढ्यात, त्यानीबी देख्या व्हत्यात ना?”

पडद्याआड भाईदासने आपल्या हातांकडे बघितलं. रंगवताना त्याने एकदाही विचार केला नव्हता. पिंपळाकडे काढायच्या, हे गावात सगळ्यांना माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. पण हाताला जी वाट ठाऊक होती ती हाताने काढली. इंजिनच्या माणसाचा हात; तो खोटं बांधत नाही.

बाहेर धुडकूने चिलीम उलटी करून झाडली. नाव त्याची होती. सात वर्षांत तोही बोलला नव्हता.

“बोल रे,” तो म्हणाला. पेटीलाच म्हणाला. “बाई इचारी ऱ्हायनी ना.”

भाईदासच्या मुठीखाली कापड हललं. त्याने मूठ फिरवली नव्हती. कापड आतून ओढलं जात होतं, गळाला मासा लागावा तसं, एकदा, मग थांबून पुन्हा एकदा. निळ्यातून थेंब सुटला आणि पेटीच्या तळावर टपकला. तो आवाज त्याने ऐकला, जसोदाबाईने ऐकला. ती दोन पावलं मागे सरली.

“म्या गाड्यात,” भाईदास पेटीत तोंड घालून म्हणाला. फळ्यांतून घुमून आवाज त्याचा वाटेना. “नावमा बठीसन गाड्यात. पाय नही लावा. तो त्याच खुट्यास्ना भरवसावर गया. मंग मीच उपट्यात नि पिंपळकडे लाव्यात. तो कोठेच नही गया, फुली. त्याले म्याच बुडावं.”

जेठाने भावजयीचं नाव घेतलं होतं. रीत मोडली, ती त्याच्या ध्यानातसुद्धा आली नाही.

बाहेर घोडी खिंकाळली, कोणी पाळण्यात ओरडलं, यात्रा चालूच होती.

“फिराव,” फुलीबाई म्हणाली.

त्याने मूठ धरली. तिने दांडी उजवीकडे रेटली, खुट्या सोडून, पट्टी सोडून, कोऱ्या निळ्यात. तिथे तांबं नव्हतं. झुबक्याला लागायला काही नव्हतं, चुंबक सुटायलाच हवा होता. पण घोडा पडला नाही. पिंपळाच्या रेघेत तो सरळ चालत गेला, पायाखाली काहीच नसताना, आणि पलीकडच्या काठाला लागला. बाभळी गेल्या. घराचं दार आलं.

घंटा तीनदा वाजली.

चार दिवस ज्या घंटेसाठी माणसं जेवायची विसरली, ती वाजली, आणि रूपसिंग घोडेवाल्याने डोक्यावरचा रुमाल काढून हातात धरला.

फुलीबाईने रेवड्या घेतल्या नाहीत. तिने बांगड्या एकेक करून पेटीच्या कडेवर फोडल्या. रडली नाही. “चाला बाई,” ती जसोदाबाईला म्हणाली, “मन्हा भाऊले निरोप धाडना शे. नि पह्यले त्यानं दहावं करनं शे.”

यात्रा संपल्यावर भाईदासने चावडीत उभं राहून तेच पुन्हा सांगितलं. पंचांनी फार बोलणं केलं नाही. धुडकूचंही ऐकून घेतलं, आणि खुट्यांचा मान भाईदासच्या घरातून काढून त्याला दिला. भोयाचा पाय निदान पाण्याला भीत नाही, असं म्हणून. वाहरूचा कणकेचा पुतळा करून नदीकाठी त्याची क्रिया झाली. दहाव्याला कावळा पिंडाला पहिल्या झटक्यात शिवला. पाणवठ्यावरच्या बायका फुलीबाईशी नजर चुकवू लागल्या, आणि माघात ती भावाबरोबर गेली. जाताना जेठाच्या पाया पडली नाही. जेठासमोर जायचं नाही, ह्या रीतीत तेवढंही बसत होतं.

पुढच्या दोन-तीन सालांत आसपासच्या यात्रांना तसल्या पेट्या निघाल्या. कोणी मोटार केली, कोणी विमान केलं, एकाने पळणारा ससा केला. पोटं धरून हसत लोक खेळायचे. त्या पेट्यांत नदी कोणी काढली नाही.

भाईदासची पेटी गोठ्यात राहिली, पोत्याखाली. जसोदाबाई तिच्या तळाची वाळू अधूनमधून झाडते आणि परड्यात टाकते. विचारत नाही. एकदा तिने म्हटलं होतं, “जाळी टाकू का?” तो म्हणाला, “वली शे. पेटाव नही.”

वाहरूचं दहावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी धुडकू छातीभर पाण्यात खुट्या तपासत होता. भाईदास काठाने चालला होता, खांद्यावर पिशवी, पिशवीत नट खोलायचे पाने आणि चिंध्या. धुडकूने हाक दिली नाही. त्यानेही थांबून बघितलं नाही. फक्त धुडकूचा पाय कुठे लागतो, कुठे नाही, तेवढं नजरेने मोजत गेला.

रूपसिंगाचा नदीकाठी केळीचा मळाही होता, आणि तिथलं इंजिन दोन दिवस बंद होतं. केळी माना टाकायला लागल्या होत्या.

“पानी खेचत नही,” रूपसिंग म्हणाला. पेटीचा विषय त्याने काढला नाही, पण गारठलेला उजवा हात अजून बगलेत धरून होता. “काय व्हयनं व्हई?”

“नळीना तोंडले वाळू बठनी व्हई.”

भाईदासने बंडी काढली, धोतर खोचलं. नळीचं तोंड नदीत होतं. एक पाय पाण्यात घालून त्याने तळ चाचपला, मग दुसरा घातला, आणि पाना दातात धरून आत उतरला.